साक्षीदार नाही आणि समोरचा उलटं सांगतोय : गाडीचा विमा दावा कसा टिकवायचा?

निवांत_नीरा

चढावरचा सिग्नल. पुढे एसयूव्ही, मागे हॅचबॅक. हिरवा लागतो आणि दोन्ही गाड्या एकमेकींना लागतात. मागचा म्हणतो, पुढची गाडी क्लच सोडताना मागे घसरली. पुढचा म्हणतो, मागच्याने घाईत येऊन ठोकलं. रात्रीची वेळ, दुकानं बंद, डॅशकॅम कोणाकडेच नाही. इजा कोणालाही नाही. हॅचबॅकचा पुढचा बंपर, ग्रिल आणि नंबरप्लेट गेली, एसयूव्हीच्या डिकीखाली पोचा आला.

समजा आपण हॅचबॅकवाले आहोत आणि पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. वर्कशॉपचा सल्लागार म्हणतो, "दुसऱ्या गाडीचं नावच काढू नका, खांबाला लागली असं लिहा, काम लवकर होईल." तिकडे एसयूव्हीवाला पोलिसात जायचं म्हणतोय. अशा वेळी क्लेम फॉर्मवर काय लिहायचं, पुरावा कुठून आणायचा आणि कंपनीने हात वर केले तर कोणाकडे जायचं? "वकील गाठा" सोडून उत्तरं द्या.

दोन_आण्याचा

वकील गाठा.

कोथरूड_डेपो

+१. आणि पुण्यात रिकामा सिग्नल कुठे सापडला तेही सांगा, आम्ही सहकुटुंब बघायला जाऊ.

मोजपट्टी

विमा दाव्यातलं नुकसान तपासणारा सर्व्हेअर आहे, त्यामुळे आधी एक गैरसमज बाजूला काढतो. हॅचबॅकवाला स्वतःच्या पॉलिसीतून स्वतःची गाडी दुरुस्त करून घेत असेल, म्हणजे ओन डॅमेज क्लेम असेल, तर चूक कोणाची हा मुद्दा जवळपास गैरलागू आहे. चूक तुमची असली तरी पैसे मिळतात, विमा त्यासाठीच घेतलेला असतो. साक्षीदार लागतो तो दुसऱ्याकडून वसूल करताना किंवा दुसरा तुमच्याकडून वसूल करायला आला तर.

ओन डॅमेजमध्ये सर्व्हेअर तीन गोष्टी बघतो : अपघाताचं कारण, नुकसानीचं स्वरूप आणि तिची व्याप्ती. तुम्ही सांगितलेल्या कारणाने हेच नुकसान होऊ शकतं का, एवढाच प्रश्न असतो. दावे अडकतात ते साक्षीदार नाही म्हणून नव्हे. लिहिलेलं एक आणि पत्र्यावर दिसतंय दुसरं, म्हणून अडकतात.

म्हणून तो खांबाचा सल्ला वाईट. खांब अरुंद असतो. बंपरला एका जागी उभी खोल खाच पडते, आतला बीम (बंपरमागचा आडवा दांडा) त्याच जागी इंग्रजी व्हीसारखा आत जातो. गाडीला गाडी लागली तर धक्का रुंदीभर पसरतो. पुढच्या गाडीचा रंग, तिच्या बंपरची कड, कधी नंबरप्लेटच्या स्क्रूचे गोल ठसेसुद्धा उमटतात. हे ओळखायला सर्व्हेअरला पाच मिनिटं लागत नाहीत. एकदा 'अपघाताचं कारण चुकीचं सांगितलं' असा शेरा पडला की झीरो डेप (पार्टवर घसारा न कापण्याचं जादा कव्हर), कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट असल्या किरकोळ वस्तूंचं कव्हर) सगळं बाजूला राहतं.

खानदेशी_खापर

वर्कशॉपवाले तसं का सांगतात तेही लिहा. दुसऱ्या गाडीचा उल्लेख आला की कंपनी तिचा नंबर मागते, पोलिसात नोंद आहे का विचारते, कधी इन्व्हेस्टिगेटर लावते. फाईल लांबते आणि गाडी त्यांची जागा अडवून बसते. सल्ला त्यांच्या सोयीचा, सही मात्र तुमची.

वकिली_डगला

खापर यांना दुजोरा, आणि एक जास्तीचा धोका. खांबाला लागली असं सही करून दिलंत आणि दोन महिन्यांनी एसयूव्हीवाल्याने नुकसानभरपाईचा अर्ज टाकला, तर तुमचाच क्लेम फॉर्म तुमच्याविरुद्ध पुरावा. तुमच्या कंपनीला त्याच्या दाव्यात तुमच्या बाजूने उभं राहायचं असतं, आणि तिच्याकडे तुमचे परस्परविरोधी दोन जबाब असतात.

पॉलिसीतल्या अटी एकदा वाचा, सगळ्या कंपन्यांच्या जवळपास सारख्या आहेत. अपघाताची सूचना ताबडतोब लेखी द्यायची. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. गाडी तशीच चालवून नुकसान वाढवायचं नाही. रस्त्यावर "जाऊ द्या साहेब, माझंच चुकलं, दोन हजार घ्या" म्हणणं यातल्या दुसऱ्या अटीत बसत नाही.

गोंयकार_पाव

म्हणजे माणुसकी दाखवायची नाही?

वकिली_डगला

दाखवा की. "लागलं का तुम्हाला, पाणी देऊ का" यात कबुली नाही. स्टॅम्प पेपर वर सही करण्यात आहे.

पत्राकाम

घसरली का ठोकली हे पत्रा सांगतो. गॅरेजच्या बाजूने लिहितो.

मागून ठोकणारा बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, काही सेंटीमीटर. त्यामुळे तिच्या बंपरची खूण पुढच्या गाडीवर नेहमीच्या उंचीपेक्षा खाली उमटते. पुढची गाडी घसरत येऊन उभ्या गाडीला लागली असेल तर नाक खाली गेलेलं नसतं आणि दोन्हीकडच्या खुणा उभ्या स्थितीतल्या उंचीला जुळतात. मोजायचं कसं : दोन्ही गाड्या सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, आत अपघाताच्या वेळी होती तेवढीच माणसं. जमिनीपासून खुणेच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंत टेप धरून, टेपसकट फोटो.

दुसरं, खोली. घसरण्याचा वेग माणसाच्या चालीएवढा. त्यात बंपरचं प्लास्टिक तडकतं, क्लिपा तुटतात, ग्रिल आणि प्लेट जाते. आतला बीम, एसीचा कंडेन्सर, रेडिएटर शाबूत राहतात. पंचवीस-तीसच्या वेगाने ठोकलं तर बीम वाकतो, कंडेन्सर मागे दाबला जातो, बोनेटची पुढची कड वर उचलते आणि फेंडरच्या फटी कमी-जास्त होतात. वर दिलेल्या उदाहरणात बंपर, ग्रिल आणि प्लेटच गेली आहे. हे घसरण्याच्या बाजूने बोलतंय.

मोजपट्टी

पत्राकाम, बरोबर, पण एसयूव्ही आहे हे विसरू नका. तिचा मागचा बंपर उंच असतो. हॅचबॅक तिच्याखाली शिरली तर बीमला धक्काच लागत नाही. बोनेट आणि हेडलॅम्प कमी वेगातही जातात. एसयूव्हीला टो हुक असेल तर सगळा जोर एका बिंदूवर येतो आणि थेट कंडेन्सर फुटतो, वेग काहीही असो. म्हणून नुसती खोली बघून निकाल देऊ नये. उंची, खोली आणि खुणेचा आकार तिन्ही एकत्र बघायचे.

आणि एसयूव्हीत हिल होल्ड आहे का ते तपासा. असेल तर ब्रेक सोडल्यावर ती साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते. त्याचा वकील हेच पुढे करेल. मात्र त्या दोन सेकंदांनंतर गाडी घसरू शकते, हेही तितकंच खरं.

सातबारा_उतारा

एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये अपघाताचा डेटा राहतो म्हणे. तो काढला तर?

मोजपट्टी

इतक्या हलक्या धक्क्यात त्यात काही नोंदलं जाण्याची शक्यता फार कमी. एअरबॅग उघडल्या असतील तर विचार करा. इथे टेप आणि फोटो जास्त कामाचे.

निवांत_नीरा

हे उपयोगी आहे. पण फोटो काढताना नेमकं काय काय? बहुतेक लोक बंपर जवळून काढून मोकळे होतात.

पत्राकाम

जवळचे फोटो शेवटी. आधी लांबून, दोन्ही गाड्या न हलवता, सिग्नलचा खांब, झेब्रा किंवा दुभाजक दिसेल असे चारही बाजूंनी. मग रस्त्याचा उतार कळेल असा आडवा फोटो, फोन सरळ धरून, इमारतीची किंवा खांबाची उभी रेषा चौकटीत घेऊन. हा नसला की चढ होता हे नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मग जमिनीवरचे तुकडे जिथे पडले तिथेच. प्लास्टिक आणि काच धक्क्याच्या जागेच्या आसपास पडतात, त्यावरून कोण किती पुढे-मागे सरकलं ते दिसतं. टायरच्या घासल्याच्या खुणा असल्या-नसल्या तरी फोटो काढा, खूण नसणं हाही पुरावा आहे. त्यानंतर समोरच्याची नंबरप्लेट, विंडस्क्रीन, त्याच्या गाडीवरची जुनी ओरखड्यांची जागा आणि शेवटी जवळून नुकसान.

मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातून वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते.

लीड्सचा_लेले

इकडे ब्रिटनमध्ये थोडं वेगळं. नाव-पत्ता, गाडीचा नंबर एकमेकांना द्यायचा, तो देता आला नाही तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं, हे रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या कलम १७० मध्ये आहे. दोन्ही विमा कंपन्या आपापसात दोष वाटून घेतात आणि साक्षीदार नसेल तर बऱ्याचदा निम्मे-निम्मे करून मिटवतात. ते पटलं नाही तर आधी कंपनीकडे तक्रार, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन. नो क्लेम डिस्काउंट (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो तो कंपनीला समोरच्याकडून पूर्ण वसुली झाली नाही तर.

हिशोबनीस

भारतात उलट. ओन डॅमेज क्लेम घेतलात की चूक कोणाचीही असो, नो क्लेम बोनस (तीच सूट, इथलं नाव) शून्य. म्हणून दावा करायचा की नाही हे आधी कागदावर मांडा.

बोनसचे टप्पे २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. समजा तुम्ही ५० वर आहात आणि बोनस धरण्यापूर्वीचा ओन डॅमेज हप्ता १०,००० आहे. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस ०, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५०. गमावलेली टक्केवारी ५० + ३० + २५ + १५ + ५ = १२५, म्हणजे १२,५०० रुपये. त्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारे, १,००० (१५०० सीसीच्या वर २,०००). गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. तरी दुरुस्ती बारा-तेरा हजारांच्या आत असेल तर मी तरी क्लेम करणार नाही. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस राखणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर गणित बदलतं.

झीरो डेप नसेल तर आणखी कात्री. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा. फायबरग्लासवर ३०. काचेवर काही नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५०. या उदाहरणात गेलेलं जवळपास सगळंच प्लास्टिक, म्हणजे झीरो डेप नसलेल्याला पार्टचे निम्मेच मिळणार.

कोथरूड_डेपो

म्हणजे बंपर तुटल्यावर आधी कॅल्क्युलेटर काढायचा.

हिशोबनीस

बंपर तुटायच्या आधी काढलात तर झीरो डेप घेतलं असतंत.

विदर्भवासी

एफआयआरशिवाय क्लेम होत नाही, हे कोणी लिहिलंच नाही. आधी पोलीस स्टेशन गाठा.

वकिली_डगला

विदर्भवासी, सरसकट असं नाही. कोणाला इजा नाही आणि फक्त स्वतःच्या गाडीचा क्लेम आहे, तर एफआयआर अनिवार्य नाही. चोरी, इजा, मृत्यू किंवा तिसऱ्याच्या मालमत्तेचा दावा असेल तर पोलिसांचे कागद लागतातच. नुसत्या बंपरवर पोलीस गुन्हा दाखल करत नाहीत, आणि त्यात त्यांचं फारसं चूकही नाही.

पण या उदाहरणात जायलाच हवं, कारण समोरचा धमकी देतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघाताची माहिती पोलिसांना आणि विमा कंपनीला देणं चालकाचं कर्तव्य आहे. जा, साध्या कागदावर घटना लिहा, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा, नोंदीचा क्रमांक आणि पोच घ्या. तुमची नोंद त्याच्या आधीची असणं महत्त्वाचं. ११२ वर फोन केला असेल तर त्याची वेळही लिहून ठेवा.

त्याच अर्जात शेवटी एक परिच्छेद घाला : "सदर ठिकाणी व परिसरात बसवलेल्या कॅमेऱ्यांचे अमुक तारखेचे रात्री इतके ते इतके या वेळेतील चित्रण जतन करावे ही विनंती." एरवी पेट्रोल पंप आणि सोसायट्यांचे रेकॉर्डर आठवडाभरात ते महिनाभरात जुन्यावर नवं चढवतात. पोलिसांना तपासात असं चित्रण मागवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. खाजगी मालकाला तुम्ही फक्त विनंती करू शकता.

चित्रण मिळालं तर पेन ड्राइव्हवर नुसतं घेऊन येऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) त्यात लिहावी लागते. कंपनीच्या पातळीवर हे कोणी मागत नाही. कोर्टात मागतात, आणि तोवर पंपवाल्याने रेकॉर्डर बदललेला असतो.

सातबारा_उतारा

फास्टॅगचं स्टेटमेंट विसरू नका. टोल नाक्यावरून गेल्याची वेळ त्यात असते. गाडी त्या रात्री त्या भागात होती की नव्हती यावरच वाद असेल तर ते चालतं. गाडी कोण चालवत होतं ते मात्र त्यातून कळत नाही.

मोजपट्टी

कोण चालवत होतं, हा इन्व्हेस्टिगेटरचा आवडता प्रश्न. रात्रीचा अपघात आणि साक्षीदार नाही म्हटलं की चालक बदलला का, लायसन्स चालू होतं का, प्यायलेला होता का, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली होती का, हे तपासलं जातं. तो घरी येऊन स्वतःच्या शब्दांत जबाब लिहून आणतो आणि सही मागतो. वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको, आणि सही केलेल्या पानाचा फोटो तिथेच काढून घ्या. तुमचा जबाब तुम्ही स्वतः मराठीत लिहून दिलात तर सगळ्यात उत्तम.

क्लेम फॉर्मवरचं वर्णन साधारण असं : "दि. ... रोजी रात्री सुमारे १०.४० वा. ... चौकात ... दिशेने जाताना लाल सिग्नलला थांबलो होतो. रस्ता चढाचा आहे. पुढे क्र. ... ही गाडी थांबलेली होती. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढील गाडी मागे आली व माझ्या गाडीच्या पुढील भागास लागली. माझी गाडी त्या वेळी थांबलेली होती. कोणासही इजा नाही. पुढील चालकाचे म्हणणे वेगळे आहे." शेवटचं वाक्य लोक गाळतात. ते लिहा. लपवलं नाही हे त्यातूनच दिसतं. "बेदरकारपणे", "मद्यधुंद अवस्थेत" असले शब्द नकोत, आणि वेग माहीत नसेल तर आकडा नको.

विदर्भवासी

बरं, एफआयआरचं मागे घेतो. पण सर्व्हेअर ७२ तासांनी उगवतो त्याचं काय?

मोजपट्टी

७२ तास जुन्या नियमातले. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, ११ जून २०२४ चं सर्क्युलर बघा. क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. कागदपत्रं अपुरी म्हणून दावा नाकारता येत नाही हेही त्यातच आहे. अहवालाची प्रत मागणं हा तुमचा हक्क, मागा. ई-मेलने मागा, फोनवर नको.

आणि सर्व्हे होईपर्यंत गाडी उघडू देऊ नका. बंपर काढून ठेवला आणि तुटक्या क्लिपा केरात गेल्या, मग मी काय बघणार? उघडल्यावर आतलं आणखी नुकसान दिसलं तर सप्लिमेंटरी एस्टिमेट करून सर्व्हेअरला परत बोलवायचं.

गोंयकार_पाव

या निमित्ताने एक अवांतर. खालून दगड लागून ऑइल चेंबर फुटलं, तरी लोक गाडी घरापर्यंत नेतात. मग इंजिन जाम आणि क्लेम नामंजूर. त्यात कोणाची चूक?

पत्राकाम

नेणाऱ्याची. चेंबर अपघातात फुटलं, ते पॉलिसीत बसतं. तेल नसताना इंजिन चालवून जाम केलं, ते 'परिणामी नुकसान' म्हणून बाहेर, इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर असेल तरच बघतात. ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन बंद करा आणि टोइंगला फोन लावा. या उदाहरणातही तेच : कंडेन्सरमागचा रेडिएटर गळत असेल तर चढ संपेपर्यंतसुद्धा नेऊ नका.

निवांत_नीरा

अवांतर आवडलं, पण परत मूळ मुद्द्याकडे. समजा हॅचबॅककडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे. मग?

वकिली_डगला

मग खरी लढाई, आणि इथे साक्षीदार नसणं बोचतं. स्वतःच्या कंपनीकडून स्वतःच्या गाडीसाठी एक पैसा नाही. एसयूव्हीवाल्याची चूक सिद्ध करून त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून घ्यायचे, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज. त्याच्या कंपनीचं नाव एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून कळतं. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत अपघातापासून सहा महिने केली आहे, ती पाळा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत तिसऱ्याच्या मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख असते. कोणी हप्ता वाचवायला ती ६,००० वर आणली असेल तर वरचं मालकाकडून.

आणि कल तुमच्या विरुद्ध असतो, हे मनात धरून जा. मागच्याने अंतर राखायचं हा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निशान सिंग विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात पुढच्या ट्रकवर आदळलेल्या गाडीच्या बाजूचा दावा याच मुद्द्यावर फेटाळला. त्यामुळे "गाडी मागे आली" हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं, आणि पत्राकाम यांची टेप तिथेच कामी येते. मोजमापाचा कागद स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरकडून सही-शिक्क्याने करून घ्या, नुसते फोटो पुरत नाहीत. जुलै २०२५ चा एक निकाल मात्र उलट बाजूने उपयोगी : हायवेवर इशारा न देता अचानक ब्रेक मारणाऱ्या पुढच्या कारचालकावर न्यायालयाने ५० टक्के जबाबदारी टाकली. मागचा नेहमीच शंभर टक्के दोषी, असं नाही.

दोन_आण्याचा

शेवटी वकीलच निघाला की.

वकिली_डगला

पाच हजारांच्या बंपरसाठी न्यायाधिकरणात कोणी जात नाही, दोन_आण्याचे. तिथे दोघांनी आपापली गाडी करून घ्यावी. एक लक्षात ठेवा, ओन डॅमेज क्लेम घेऊन तीच रक्कम समोरच्याकडून पुन्हा घेता येत नाही. वजावट आणि घसाऱ्याचा भाग मागता येतो.

सातबारा_उतारा

कंपनीने नाकारलं तर पुढची पायरी कोणीच नीट लिहिली नाही. लिहितो.

नकार लेखी घ्या, कारणासकट. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण नकारपत्रात न लिहिलेलं कारण कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात तेच सांगितलं. सर्व्हेअरचा अहवाल अंतिम शब्द नाही, हे २००९ पासूनचं. कळवायला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा नाकारू नये, हे २०१७ चं, ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल. त्याला १४ दिवस. सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. फी नाही, वकील चालत नाही, नकारापासून एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंत. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण आयोगात आधी गेलात तर लोकपालाचं दार बंद, म्हणून क्रम हाच ठेवा.

विदर्भवासी

समोरच्याच्या कंपनीविरुद्ध लोकपालाकडे जाता येतं का?

सातबारा_उतारा

नाही. त्या कंपनीचे तुम्ही ग्राहकच नाही. तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणच.

खानदेशी_खापर

रक्कम कमी मंजूर करून 'फुल अँड फायनल'वर सही मागतात, तेव्हा? गाडी तर घरी न्यायची असते.

सातबारा_उतारा

सही करा, पण शेजारी स्वतःच्या हाताने "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं लिहा आणि त्याच दिवशी तेच ई-मेलने कळवा. असल्या पावत्यांच्या जोरावर ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क बंद करू नये, हे नियामकाने २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे.

निवांत_नीरा

म्हणजे या उदाहरणात : खरं तेच लिहायचं, डायरी नोंद, उताराचा फोटो, दोन्ही गाड्यांची उंची. एकच अडतंय. एसयूव्हीवाला त्याच्या गाडीला टेप लावू देणार नाही. मग?

पत्राकाम

जागेवरच्या फोटोत त्याची डिकी आणि जमीन एकत्र असेल, तर चाकाच्या रिमचा व्यास मोजपट्टी म्हणून वापरता येतो. टायरवर आकार छापलेला असतो, १७ इंची रिम म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर. फोटो मात्र चाकाच्या उंचीला बसून, बाजूने काढलेला हवा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत माप चुकतं.

मोजपट्टी

आणि त्याने स्वतः क्लेम केला असेल तर त्याच्या सर्व्हेअरच्या फोटोत ती खूण आहेच. न्यायाधिकरणात त्याच्या कंपनीकडून ती फाईल मागवण्याचा अर्ज करता येतो. तुमचा जुना बंपर तेवढा वर्कशॉपला भंगारात टाकू देऊ नका. सॅल्व्हेज म्हणून कंपनी मागेल, तेव्हा देण्याआधी त्यावरच्या ठशांचे टेपसकट फोटो काढून ठेवा.

पत्राकाम

आणि पुसून काढू नका. माणसं आधी कापड मारतात आणि मग फोटो काढतात.